सूचिकारांचे काम : शास्त्रीय वाङ्मयाच्या निर्देशसूचींची वाटचाल



ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने संस्थापकांचे, देणगीदारांचे आणि ग्रंथकारांचे स्मरण केले जाते, आणि ते उचितच आहे. एक वर्ग मात्र अशा प्रसंगी बहुधा विसरला जातो. तो वर्ग सूची करणाऱ्यांचा. त्यांनी लिहिलेले कोणी आवडीने वाचीत नाही. पण त्यांनी लिहिले नसते तर इतरांनी लिहिलेले कोणाला सापडलेही नसते. आजच्या व्याख्यानाचा विषय हा वर्ग आहे, आणि त्यातही विशेषेकरून शास्त्रीय वाङ्मयाचे सूचिकार.

कार्डांचे कपाट वाचकाला पुस्तकाच्या दारापर्यंत नेऊन सोडते. नियतकालिकाच्या पोटात दडलेल्या लेखापर्यंत ते नेत नाही. 'विविधज्ञानविस्तारा'चे बांधीव खंड फडताळात ओळीने उभे असतात, पण अमुक विषयावरचा लेख कोणत्या वर्षीच्या कोणत्या अंकात आला हे ग्रंथालयाच्या तालिकेला ठाऊक नसते. ललित वाङ्मयाचे यामुळे फारसे अडत नाही. नवी कादंबरी हाती घेण्यापूर्वी आधीच्या सगळ्या कादंबऱ्या वाचण्याची जबाबदारी कोणावर नसते. शास्त्रज्ञावर ती असते. त्याच्या आधी त्याच प्रश्नाला कोणी हात घातला होता, कोणाला यश आले, कोण फसला आणि का, हे पाहिल्याशिवाय त्याला पुढे जाता येत नाही. आणि शास्त्राची ही सारी कमाई ग्रंथांत उशिरा येते. प्रथम येते ती नियतकालिकांत.

या गरजेतून दोन प्रकारची साधने निर्माण झाली. एक निर्देशसूची. कोणत्या विषयावर, कोणी, कोठे आणि केव्हा लिहिले, एवढेच ती सांगते. दुसरे साधन गोषवाऱ्याचे. लेखात काय म्हटले आहे ते आठदहा ओळींत सांगणारा सारांश, आणि अशा सारांशांचीच बनलेली नियतकालिके, म्हणजे सारपत्रिका. सूची वाट दाखविते. त्या वाटेने जावे की जाऊ नये हे गोषवारा सांगतो.

शास्त्रीय नियतकालिकांचा आरंभ १६६५ या सालापासून धरतात. त्या वर्षी जानेवारीत पॅरिसमध्ये 'जूर्नाल दे साव्हाँ' आणि मार्चमध्ये लंडनला रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी काढलेले 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' ही दोन नियतकालिके निघाली. पुढील दीडशे वर्षांत त्यांची संख्या इतकी वाढली की एका माणसाने सर्व वाचणे अशक्य झाले. १८३० मध्ये लाइपझिग येथे 'फार्मास्युटिशेस सेंट्रालब्लाट' निघू लागले. इतरांच्या लेखांचे सार देणे एवढेच त्याचे काम. त्याचा पहिला संपादक गुस्टाव्ह थिओडोर फेख्नर, ज्याला पुढे मानसशास्त्राच्या इतिहासात मोठे स्थान मिळाले. तरुणपणी पोटापाण्यासाठी त्याने असली कामे पुष्कळ केली. हेच नियतकालिक पुढे 'केमिशेस सेंट्रालब्लाट' या नावाने रसायनशास्त्राची मुख्य सारपत्रिका झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनी दुभंगली तरी ही पत्रिका दोन्ही जर्मनींच्या सहकार्याने चालू राहिली, हे त्या काळी नवलच म्हणायचे. कोणत्याही सरकारी करारापेक्षा अशा कामाने विद्वानांना अधिक जवळ ठेवले असेल. १९६९ मध्ये ती बंद पडली.

इंग्लंडमध्ये विचार निराळ्या दिशेने गेला. अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेचे चिटणीस जोसेफ हेन्री यांनी १८५५ मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनपुढे अशी सूचना मांडली की जगातील शास्त्रीय निबंधांची एकच एक सूची व्हावी. रॉयल सोसायटीने हे काम अंगावर घेतले. १८०० ते १९०० या संपूर्ण शतकातील निबंधांची ही सूची १८६७ पासून १९२५ पर्यंत, एकोणीस खंडांत प्रसिद्ध झाली. मात्र तिची रचना लेखकांच्या नावांनुसार होती. विषयवार सूची करण्याचेही ठरले होते. पण गणित, यामिकी आणि भौतिकी यांचे खंड निघाल्यावर ते काम थांबले. जीवशास्त्राच्या वाट्याला विषयसूची आलीच नाही.

या अपुरेपणाचा अर्थ काय होतो हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ब्र्युन नगरातील मठवासी ग्रेगोर मेंडेल याने वाटाण्याच्या झाडांवर केलेल्या प्रयोगांचा निबंध १८६६ मध्ये तेथील निसर्गविज्ञान मंडळाच्या वृत्तांतात छापला गेला. आनुवंशिकतेचे सारे शास्त्र आज त्या निबंधावर उभे आहे. परंतु १९०० पर्यंत त्याची महती कोणास कळली नाही. तो निबंध कोठे नोंदलाच गेला नव्हता असा समज आहे, तो बरोबर नाही. रॉयल सोसायटीच्या सूचीत १८६४ ते १८७३ या काळाच्या खंडांत त्याची नोंद आहे. पण ती 'मेंडेल' या नावाखाली! ज्याला मेंडेल हे नाव ठाऊक त्यालाच मेंडेल सापडणार. आणि ज्याला वाटाणा, संकर किंवा आनुवंशिकता यांची जिज्ञासा, त्याच्यासाठी त्या सूचीत दार नव्हते. मेंडेलच्या उपेक्षेला दुसरीही कारणे होती. त्याचे गणित त्या काळच्या वनस्पतिशास्त्रज्ञांना परके होते. तरी नोंद असणे आणि सापडणे या दोहोंत किती अंतर असते ते येथे दिसते.

हे अंतर ज्याने ओळखले आणि मिटविण्यासाठी आयुष्य वेचले असा पुरुष म्हणजे जॉन शॉ बिलिंग्ज. अमेरिकेतील सिनसिनाटी येथे वैद्यकाचा अभ्यास करीत असताना त्याने प्रबंधासाठी अपस्मारावरील शस्त्रक्रिया हा विषय घेतला. अशा किती शस्त्रक्रिया झाल्या, किती रोगी वाचले, एवढीच आकडेवारी त्याला हवी होती. ती जमविताना त्याला कळून चुकले की पुस्तकांमागून पुस्तके आणि अंकांमागून अंक चाळल्यावाचून गत्यंतर नाही, आणि जे पाहावयास हवे ते सगळे देशातील एकाही ग्रंथालयात नाही. १८६० मध्ये त्याला पदवी मिळाली. पाठोपाठ यादवी युद्ध सुरू झाले आणि तो लष्करी शल्यवैद्य झाला.

युद्ध संपल्यावर लष्कराच्या मुख्य शल्याधिकाऱ्याच्या कचेरीतील लहानसे ग्रंथालय त्याच्या ताब्यात आले. पुस्तके जेमतेम सव्वादोन हजार. युद्धकाळातील रुग्णालयांच्या निधीतून सुमारे ८०,००० डॉलर शिल्लक राहिले होते. ते ग्रंथखरेदीसाठी वापरण्यास बिलिंग्जला परवानगी मिळाली. जखमी शिपायांच्या खाण्यापिण्यासाठी उभ्या केलेल्या पैशातून उरलेली ही रक्कम जगातील सर्वांत मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयाचे भांडवल ठरली. या ग्रंथालयाची जागाही विलक्षण. ज्या फोर्ड नाट्यगृहात १८६५ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, ती इमारत सरकारने ताब्यात घेतली होती. तेथे १९६८ पर्यंत नाटके पुन्हा झाली नाहीत. वैद्यकीय संग्रहालय आणि हे ग्रंथालय येथे आले आणि १८८७ पर्यंत तेथेच राहिले.

बिलिंग्जची पद्धत साधी आणि अत्यंत कष्टाची होती. आलेली नियतकालिके तो घरी नेई, रात्री चाळी, आणि नोंदविण्याजोग्या लेखांवर पेन्सिलीने खूण करी. कचेरीतील कारकून त्या खुणांवरून कार्डे लिहीत. प्रत्येक लेखाची नोंद लेखकाच्या नावाखाली तर होईच, पण विषयाखालीही होई. मेंडेलच्या वाट्याला जे आले नाही ते येथे जाणीवपूर्वक केले जात होते. लेखकांची नावे आणि विषयांची शीर्षके एकाच वर्णक्रमात गुंफलेल्या या 'इंडेक्स-कॅटलॉग'चा पहिला खंड १८८० मध्ये निघाला. पहिली मालिका १६ खंडांची झाली आणि १८९५ मध्ये संपली. त्याच वर्षी बिलिंग्ज निवृत्त झाला.

परंतु अशा सूचीत एक दोष अटळ होता. 'अ'चा खंड निघाल्यावर त्या अक्षरात येणारी नवी माहिती पुढच्या मालिकेपर्यंत पंधरा-वीस वर्षे खोळंबून राहणार! म्हणून १८७९ पासूनच बिलिंग्जने आपला सहकारी डॉ. रॉबर्ट फ्लेचर याच्या साहाय्याने 'इंडेक्स मेडिकस' हे मासिक सुरू केले. जगभरच्या ताज्या वैद्यकीय लेखांची विषयवार सूची दरमहा हाती पडावी ही कल्पना. फ्लेचर मूळचा इंग्लंडमधील ब्रिस्टलचा. वयाने बिलिंग्जपेक्षा पंधरा वर्षांनी मोठा. १९१२ मध्ये मृत्यूने गाठेपर्यंत तो या कामाशी जोडलेला राहिला. बिलिंग्जचे नाव निदान ग्रंथपालांना ठाऊक असते. फ्लेचरचे नाव त्यांनाही सांगावे लागते.

मासिकाची उपयुक्तता सर्वांना मान्य होती. वर्गणीदार मात्र थोडे. सूचीचा हा जुना दैवदुर्विलास आहे. ती सर्वांना हवी असते, पण विकत घ्यावी असे कोणाला वाटत नाही. तोटा सोसून एकवीस वर्षे चालल्यावर १८९९ मध्ये 'इंडेक्स मेडिकस' बंद पडले. ती उणीव भरून काढण्यासाठी पॅरिसहून 'बिब्लिओग्राफिया मेडिका' निघू लागले, तेही १९०२ मध्ये संपले. अखेर १९०३ मध्ये कार्नेगी संस्थेने पैसा दिला तेव्हा मूळ मासिकाचे पुनरुज्जीवन झाले. पुढे त्याने नावे बदलली, मालक बदलले, १९२७ मध्ये ते अमेरिकन वैद्यक मंडळाच्या सूचीत विलीन झाले. १९५६ मध्ये लष्कराचे ते ग्रंथालय राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय झाले आणि १९६० पासून जुन्या नावानिशी मासिक पुन्हा सुरू झाले.

रसायनशास्त्रज्ञांनी अधिक शहाणपण दाखविले. युरोपातील सारपत्रिकांत आपल्या संशोधनाला पुरेसे स्थान मिळत नाही अशी अमेरिकन रसायनज्ञांची तक्रार होती. तीतून १९०७ मध्ये 'केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स' निघाले. पहिल्या वर्षी सुमारे १२,००० गोषवारे छापले गेले. हे गोषवारे लिहिणारे पगारी नोकर नव्हते. ठिकठिकाणचे प्राध्यापक आणि प्रयोगशाळांतील रसायनज्ञ फावल्या वेळात, अत्यल्प मोबदल्यावर ते लिहून पाठवीत. जपानी वा रशियन जाणणारा जो असेल त्याच्याकडे त्या भाषेचे लेख जात. दुसऱ्याच्या वीस पानांचे मर्म दहा ओळींत, आपले मत न मिसळता, मांडणे हे सोपे लेखन नव्हे. एम.ए.च्या विद्यार्थ्यांना सारांशलेखनाचा प्रश्न घालणाऱ्या कोणाही अध्यापकाला हे पटेल. २०१० पासून या पत्रिकेची छापील आवृत्ती थांबली. संगणकावरील सेवा चालू आहे.

संगणकाचा धागाही बिलिंग्जपासूनच निघतो, हे थोड्यांना ठाऊक असते. जनगणनेच्या आकडेवारीवर देखरेख करीत असताना, ही मोजदाद कार्डांवर भोके पाडून यंत्राने करता येईल अशी कल्पना त्याने हर्मन हॉलेरिथ या तरुण अभियंत्याला सुचविली. हॉलेरिथने पुढे तसे लिहून ठेवले आहे. १८९० ची अमेरिकन जनगणना हॉलेरिथच्या यंत्रांवर झाली, आणि त्याची कंपनी ज्या कंपनीत मिसळली तीच १९२४ पासून आय.बी.एम. म्हणून ओळखली जाते. १९६४ मध्ये 'इंडेक्स मेडिकस'ची जुळवणी संगणकावर होऊ लागली. १९७१ मध्ये दूरच्या ग्रंथालयांतून तारेने या साठ्याला प्रश्न विचारण्याची 'मेडलाइन' ही सोय झाली, आणि १९९७ च्या जूनमध्ये 'पबमेड' या नावाने ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. छापील 'इंडेक्स मेडिकस' २००४ अखेर थांबले.

यंत्र आले म्हणून माणसाचे काम संपले नाही. एक लेखक 'हृदयविकाराचा झटका' लिहितो, दुसरा त्याला 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' म्हणतो, तिसरा आणखी निराळा शब्द योजतो. तिघांना एकाच शीर्षकाखाली आणावयाचे तर लेख वाचून त्याचा विषय ठरविणारा जाणता हवा. राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने १९६० मध्ये प्रमाण शीर्षकांची यादी तयार केली. ती दरवर्षी सुधारली जाते, आणि कित्येक दशके सूचिकार प्रत्येक लेख समोर घेऊन त्यातील शीर्षके नेमून देत असत.

याच शीर्षकांना पर्याय शोधणारा माणूस युजीन गारफील्ड. १९५१ मध्ये तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या वेल्च वैद्यकीय ग्रंथालयात, सूचिकामाच्या एका प्रकल्पावर होता. अमेरिकन वकील एखादा जुना निवाडा पुढे कोणकोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला हे 'शेपर्ड्स सायटेशन्स' या १८७३ पासूनच्या सूचीत पाहतात, हे त्याला कळले. निवाड्यांना लागू ते निबंधांना का नको, असा प्रश्न त्याने केला आणि १९५५ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात आपली योजना मांडली. त्यातून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' जन्मास आला. त्याच्या पहिल्या संचात १९६१ मधील ६१३ नियतकालिके आणि त्यांतले सुमारे १४ लाख संदर्भ होते. कल्पना चतुर होती. जुन्या निबंधापासून नव्याकडे जाण्याची वाट प्रथमच उघडली. परंतु वाट दाखविण्यासाठी केलेल्या या मोजणीचा उपयोग लवकरच माणसे तोलण्यासाठी होऊ लागला. कोणाच्या निबंधाचा किती वेळा उल्लेख झाला यावर नेमणुका आणि बढत्या ठरू लागल्या, आणि ज्या नियतकालिकांना त्या यादीत प्रवेश नाही त्यांत लिहिणारे, मग ते भारतातले असोत की ब्राझीलमधले, जणू लिहीतच नाहीत असे मानले जाऊ लागले. सूचीने मूल्यमापन करावे हे सूचीचे काम नव्हे.

भारतात या जाणिवेची पायाभरणी डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांच्या पिढीने केली. १९५२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत 'इन्सडॉक' हे शास्त्रीय प्रलेखनाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि १९६५ पासून तेथून 'इंडियन सायन्स ॲब्स्ट्रॅक्ट्स' निघू लागले. या देशात प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनाचे सार या देशातच नोंदले जावे हा त्यामागील हेतू. २००२ मध्ये हे केंद्र 'निस्केअर'मध्ये आणि ती संस्था २०२१ मध्ये दुसऱ्या एका संस्थेत विलीन झाली. मराठीपुरते बोलावयाचे तर शंकर गणेश दाते यांचे नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची आणि पुढे १९३८ ते १९५० पर्यंतच्या ग्रंथांची सूची त्यांनी केली. ती शास्त्रीय वाङ्मयापुरती नव्हे. पण गेल्या शतकात मराठीत गणित, वैद्यक, कृषी यांवर काय छापले गेले हे पाहावयाचे तर आजही प्रथम तीच उघडावी लागते.

सूची जेथे संपते तेथे वाचकाला जगच संपल्यासारखे वाटते, आणि यातील धोका २००१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स येथे उघड झाला. दम्याच्या संशोधनासाठी निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम हे औषध श्वासावाटे दिले जात होते. चोवीस वर्षांची एक धडधाकट स्वयंसेविका त्यानंतर आजारी पडली, तिची फुप्फुसे निकामी होत गेली आणि जूनच्या आरंभी तिचा मृत्यू झाला. प्रयोगापूर्वी संशोधकाने 'पबमेड'मध्ये शोध घेतला होता. त्या वेळी त्या साठ्यात प्रामुख्याने १९६६ नंतरचे वाङ्मय होते. रक्तदाबावर हे औषध जेव्हा दिले जात असे त्या १९५० च्या दशकात त्याने फुप्फुसांना अपाय झाल्याचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले होते. ते छापील खंडांत होते, पडद्यावर नव्हते. चौकशीत अन्य त्रुटीही आढळल्या आणि जुलैमध्ये केंद्र सरकारने त्या संस्थेतील मानवी प्रयोगांपैकी बहुतेक काही दिवस थांबविले. दोष केवळ सूचीचा नव्हता, हे खरे. पण ज्या रुग्णालयाचा आराखडा स्वतः बिलिंग्जने केला होता, आणि ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात गारफील्ड सूचिकामाचे धडे शिकला, तेथेच जुने खंड न उघडल्यामुळे हे घडावे, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

जुन्या छापील सूचींतील नोंदी यंत्रात उतरविण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. नंतर ते पुढे रेटले गेले आणि 'मेडलाइन' आता १९४६ पर्यंत मागे पोहोचते. दुसरीकडे, २०२२ च्या मध्यापासून शीर्षके नेमून देण्याचे काम तेथे संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपविण्यात आले असून माणसे निवडक नोंदी तपासतात. 'इंडेक्स-कॅटलॉग' १९६१ मध्ये ६१ व्या खंडानिशी थांबला. २००४ मध्ये त्या सर्व खंडांतील नोंदी संगणकावर खुल्या झाल्या, आणि फोर्ड नाट्यगृहाच्या इमारतीतील कारकुनांनी बिलिंग्जच्या पेन्सिलीच्या खुणांवरून उतरविलेल्या ओळी आज कोणत्याही गावातून वाचता येतात.